बाळाच्या जांघेतला फुगा रडण्यामुळे होत नाही, ती वाट जन्माआधीच तयार झालेली असते

बहुतेक घरांत ही गोष्ट पहिल्यांदा अंघोळीच्या वेळी लक्षात येते. बाळाला पायांवर घेतलं, अंगावर पाणी पडलं, त्याने टाहो फोडला आणि उजव्या जांघेत सुपारीएवढा फुगा वर आला. दूध पिऊन बाळ झोपलं, तर फुगा गायब. मालिशवाली बाई म्हणते, "अंतर्गळ आहे." आजी म्हणतात, "एवढं रडू देऊ नका, रडून रडूनच झालंय ते." मग कुणीतरी फोटो काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतं आणि तासाभरात दहा सल्ले येतात. घट्ट लंगोट बांधा, नाणं बांधा, एरंडेल लावा, काही करू नका, मोठं झालं की आपोआप जाईल.

यातला शेवटचा सल्ला बेंबीच्या बाबतीत बहुतेक वेळा खरा ठरतो. जांघेच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. बाळाच्या अंगावर या दोन जागा एकमेकींपासून चार बोटांवर असतात, दोन्हीकडून आतडंच बाहेर डोकावतं, तरी एका ठिकाणी थांबायचं आणि दुसऱ्या ठिकाणी थांबायचं नाही. असं का, हे समजून घ्यायचं तर बाळाच्या पोटाची भिंत आईच्या पोटात कशी बांधली गेली ते बघावं लागतं.

सुरुवातीलाच एक हिशोब सांगून ठेवतो, कारण सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात असेल तर गोंधळ होतो. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भाची वाढ अभ्यासणारे लोक गर्भधारणेपासून मोजतात, म्हणजे दोन आठवडे कमी. खालच्या दोन भागांतले आठवडे गर्भधारणेपासूनचे आहेत. रिपोर्टशी ताडून बघायचं असेल तर दोन मिळवा.

मोदकाची पारी

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी गर्भ म्हणजे एक चपटी, तीन थरांची चकती असते. तिला पोट नसतं, पाठ नसते, आत-बाहेर असं काहीच नसतं. चौथ्या आठवड्यात ही चकती वळते. डोक्याकडची कड खाली येते, शेपटीकडची कड खाली येते आणि दोन्ही बाजूंच्या कडाही पुढे येऊन मधोमध भेटू लागतात.

उकडीच्या मोदकाची पारी हातावर घेऊन तिच्या कडा सगळीकडून एका टोकाशी गोळा करतात ना, जवळजवळ तसंच. सारण आत जातं, कडा जुळत येतात आणि शेवटी जिथे सगळं एकवटतं ते टोक म्हणजे बेंबी. फरक एवढाच की मोदकाचं टोक आपण चिमटीने बंद करतो, बेंबी मात्र जन्म होईपर्यंत उघडी ठेवावी लागते, कारण वारेकडून येणाऱ्या नाळेच्या रक्तवाहिन्या तिथूनच आत शिरतात.

या पहिल्या भिंतीत स्नायू नसतात. ते नंतर येतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना पेशींचे ठोकळे ओळीने तयार झालेले असतात. त्यांतून निघालेल्या स्नायूंच्या पेशी पुढच्या बाजूला सरकत जातात आणि जाताना आपापल्या नसा सोबत घेऊन जातात. कुशीत त्यांचे एकावर एक तीन थर होतात आणि पुढे मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना उभे पट्टे तयार होतात. जिममध्ये ज्याला सिक्स पॅक म्हणतात ते हेच पट्टे.

आतडं बाहेर जातं आणि परत येतं

सहाव्या आठवड्यात एक अशी गोष्ट होते की ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला चूक वाटली होती. बाळाचं आतडं पोटाबाहेर जातं. प्रत्येक बाळाचं. तुमचं आणि माझंही गेलं होतं.

कारण साधं आहे, जागा. त्या वेळी यकृत भराभर वाढत असतं आणि इवल्याशा पोटातली बहुतेक जागा त्यानेच व्यापलेली असते. आतड्याची लांबीही वाढतेच आहे. मग आतड्याचा एक वेढा बेंबीतून बाहेर, नाळेच्या मुळाशी जाऊन राहतो. तिथे तो वाढतो, पीळ घेत फिरतो आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास, पोट पुरेसं मोठं झालं की आत परततो. जाताना आणि येताना मिळून त्याचा फेरा २७० अंशांचा होतो. आपलं मोठं आतडं पोटात चौकटीसारखं बसलेलं असतं ते याच फेऱ्यामुळे.

म्हणून रिपोर्टच्या हिशोबाने अकराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत आतडं नाळेत दिसलं तर तेवढ्यावरून डॉक्टर घाबरत नाहीत. बाराव्या आठवड्यानंतरही ते बाहेरच दिसलं, तर मात्र पुढची तपासणी सुरू होते.

इथे दोन वेगळे दोष आहेत आणि ते नेहमी एकच समजले जातात. पहिल्यात आतडं, कधी यकृतही, नाळेच्या मुळाशी एका पातळ पिशवीत बाहेर राहतं. याला ओम्फॅलोसील म्हणतात. यात हृदयाचे किंवा गुणसूत्रांचे दोषही सोबत असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून त्या तपासण्या सांगितल्या जातात. दुसरा गॅस्ट्रोस्कायसिस. यात नाळ आपल्या जागी ठीक असते, पण तिच्या शेजारी, बहुधा उजवीकडे, भिंतीत छेद राहिलेला असतो आणि आतडं कुठल्याही पिशवीशिवाय थेट गर्भजलात तरंगत असतं. दिसायला हा दोष जास्त भीतीदायक. पण यात गुणसूत्रांचे दोष सहसा नसतात आणि जन्मल्या जन्मल्या योग्य हाती पडलेलं बाळ बरं होऊ शकतं. चांगल्या सोयी असलेल्या देशांत अशी ९० टक्क्यांहून जास्त बाळं वाचतात, गरीब देशांत पुष्कळ कमी. हा फरक बाळांमधला नाही. प्रसूती कुठे झाली, आतडं किती लवकर स्वच्छ आवरणात झाकलं गेलं आणि बालशल्यचिकित्सक, म्हणजे लहान मुलांचे सर्जन, किती लांब होते, यातला आहे. १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी टाळू नये ती याचसाठी. दोष आधी कळला तर प्रसूती कुठे करायची हे ठरवायला वेळ मिळतो.

आपल्याकडे असं बाळ जन्मलं की घरात पहिला प्रश्न आईला विचारला जातो. ग्रहणात विळी हातात घेतली होती का? काही चिरलं होतं का? पोटाची भिंत चौथ्या आठवड्यात मिटायला लागते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस झालेले असतात आणि कित्येक बायकांना आपण गरोदर आहोत हे माहीतही नसतं. ग्रहणाचा, विळीचा आणि भाजी चिरण्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

मूत्रपिंडाशेजारून निघालेला प्रवासी

आता जांघेकडे येऊ. मुलग्याच्या पोटाच्या भिंतीत तिथे एक वाट असते. वैद्यकीय मराठीत तिला वंक्षण नलिका म्हणतात. वंक्षण म्हणजे जांघ, शब्द जुना आहे. सुश्रुतसंहितेत वृद्धी या रोगाचे सात प्रकार दिले आहेत आणि त्यातला एक आंत्रवृद्धी, म्हणजे आतडं खाली उतरून होणारी सूज. रोग हजारो वर्षं ठाऊक होता. लहान बाळांत तो का होतो, हे कळायला अठरावं शतक उजाडावं लागलं.

वृषण, ज्याला आपल्याकडे सरळ गोटी म्हणतात, ते खाली तयार होत नाहीत. ते तयार होतात पोटात, पाठीच्या भिंतीला लागून, मूत्रपिंडांच्या शेजारी. याचा पुरावा मोठ्या माणसाच्या शरीरातही शिल्लक असतो. वृषणाची रक्तवाहिनी जांघेतल्या जवळच्या धमनीतून निघत नाही, ती वर मूत्रपिंडापाशी मुख्य धमनीतून निघते आणि लांबचा पल्ला मारत खाली येते. क्रिकेट खेळताना चेंडू नको तिथे बसला की कळ पोटात, बेंबीच्या आसपास उठते. मुतखडा वर अडकलेला असतो आणि दुखणं जांघेत उतरतं. नसांचे पत्ते अजून जुन्याच घरचे आहेत.

वृषणाच्या खालच्या टोकापासून जांघेच्या त्वचेकडे जाणारी एक जाडसर, मऊ दोरी गर्भात असते. लंडनचे शल्यवैद्य जॉन हंटर यांनी गर्भांची विच्छेदनं करून १७६२ मध्ये तिचं वर्णन केलं आणि तिला गुबर्नाक्युलम असं लॅटिन नाव दिलं. अर्थ सुकाणू. नाव छान आहे आणि नेमकं आहे. ही दोरी वृषणाला खेचून खाली आणते असं पुष्कळ दिवस समजलं जायचं, पण तिचं काम खेचण्यापेक्षा दिशा धरून ठेवण्याचं आणि वाट रुंद करण्याचं जास्त आहे.

या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट इथे आहे. पोटाच्या भिंतीत आधी स्नायू तयार झाले आणि मग वृषणाने त्यांना भोक पाडलं, असं होत नाही. ही दोरी आधीपासून तिथे असते आणि स्नायूंचे थर तिच्याभोवती बांधले जातात. भिंत बांधताना गवंड्याने पाइपासाठी जागा सोडावी तशी ही जागा सोडलेली असते. म्हणजे जांघेतली कमजोर जागा अपघाताने झालेली नसते, ती मूळ आराखड्यातच असते.

प्रवास दोन टप्प्यांत होतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूत्रपिंडं वर सरकतात, धड लांबतं, पण वृषण जांघेच्या आतल्या दारापाशी धरून ठेवलेले असतात. या टप्प्याला वृषणातूनच निघणारं आयएनएसएल-३ नावाचं संप्रेरक लागतं. १९९९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत हे संप्रेरक नसलेल्या नरांचे वृषण पोटातच वर राहिले आणि ही गोष्ट पक्की झाली. मग काही महिने थांबा. दुसरा टप्पा सातव्या महिन्यात सुरू होतो. त्यावर पुरुषी संप्रेरकांचा अंमल असतो. वृषण वाटेतून पार होतात आणि साधारण ३५व्या आठवड्यापर्यंत अंडकोशात पोचतात. इथून पुढचे आठवडे डॉक्टरांच्या हिशोबाचे.

एवढा खटाटोप कशासाठी? थंडाव्यासाठी, हे नेहमीचं उत्तर. अंडकोशाचं तापमान शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी असतं आणि माणसाचे शुक्राणू नीट तयार व्हायला ते लागतं. पण हत्तीचे वृषण आयुष्यभर पोटातच राहतात आणि त्याचं काही अडत नाही. त्यामुळे हा प्रश्न वाटतो तितका सुटलेला नाही.

राहून गेलेली बाही

वृषण एकटे उतरत नाहीत. पोटाच्या आतून एक पातळ, गुळगुळीत अस्तर असतं. वृषणाच्या पुढे हे अस्तर वाटेतून खाली उतरतं आणि सदऱ्याच्या बाहीसारखी पोकळ नळी तयार होते. वृषण तिच्या मागच्या बाजूने सरकत खाली जातात. सोबत भिंतीच्या थरांचेही पदर येतात. वृषणाला वर ओढणारा बारीक स्नायू असतो, थंडीत गोट्या वर जातात त्या त्याच्यामुळे. तो स्नायू म्हणजे पोटाच्या मधल्या थराचाच सोबत आलेला भाग.

काम झालं की ही बाही मिटायची असते. खालचं टोक वृषणाभोवती आवरण म्हणून उरतं, वरचा भाग बुजून जातो. मात्र जन्माच्या दिवशी बहुसंख्य मुलग्यांत ती पूर्ण मिटलेली नसते. पुढच्या महिन्यांत मिटते. काहींत कधीच मिटत नाही आणि तरीही आयुष्यभर त्रास होत नाही.

त्रास होणार की नाही, हे उरलेली वाट किती रुंद आहे यावर बरंचसं ठरतं. फक्त पाणी झिरपेल इतकी अरुंद असेल तर अंडकोशात पाणी साठतं, त्याला हायड्रोसील म्हणतात. आतडं शिरेल इतकी रुंद असेल तर हर्निया. रोग दोन वाटले तरी वाट एकच.

मग रडण्याचं काय? बाळ रडतं तेव्हा पोटात दाब वाढतो आणि उघड्या वाटेतून आतडं बाहेर येतं. म्हणजे रडण्याने फुगा दिसतो, रडण्याने वाट तयार होत नाही. बाळ मुळीच रडलं नसतं तरी ती असतीच. आईने नीट घेतलं नाही, सुनेने रडू दिलं, या बोलण्याला काही आधार नाही.

उजव्या बाजूला हर्निया जास्त दिसतो, कारण उजवं वृषण बहुधा उशिरा उतरतं आणि तिकडची बाही उशिरा मिटते. शंभरातल्या साधारण साठ बाळांत हर्निया उजवीकडे, तिसांत डावीकडे आणि दहांत दोन्हीकडे असतो. पूर्ण दिवसांच्या बाळांत एकूण प्रमाण १ ते ५ टक्के सांगितलं जातं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ते कितीतरी पटींनी वाढतं, आणि वेळापत्रक पाहिलं की याचं नवल वाटत नाही. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे वृषण त्या दिवशी वाटेतच असतात. दार उघडं असतानाच बाळ जगात आलेलं असतं.

मुलींना ही वाट नसते, असा समज आहे. असते. बीजांडकोश ओटीपोटातच थांबतो, पण सुकाणूची दोरी मुलींतही असते आणि ती पुढे गर्भाशयाची गोल बंधनी म्हणून जांघेतून जाते. तिच्यासोबत अस्तराची छोटी बाहीही येते. डच शरीरशास्त्रज्ञ आंतोन नुक यांनी सतराव्या शतकाच्या शेवटी तिचं वर्णन केलं आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ती उघडी राहिली तर मुलीलाही हर्निया होतो, आणि तिच्या फुग्यात कधी कधी आतड्याऐवजी बीजांडकोश सापडतो. मुलीच्या जांघेत बोराएवढी टणक गाठ लागली आणि ती दाबली तरी आत जात नसेल, तर "मुलगी आहे, हर्निया नसणार" म्हणून सोडून देऊ नका. त्या बीजांडकोशाला पीळ बसू शकतो.

आजोबांचा हर्निया आणि नातवाचा हर्निया

नाव एकच असल्यामुळे घरात तुलना होते. आजोबांनी पट्टा लावून वीस वर्षं काढली, मग तान्ह्या बाळाला ऑपरेशन कशाला?

जुन्या किल्ल्यांचा गोमुखी दरवाजा आठवा. बाहेरून आलेला माणूस थेट आत शिरू शकत नाही, बुरुजाला वळसा घालावा लागतो. मोठ्या माणसाच्या जांघेतली वाट अशी असते. सुमारे ४ सेंटिमीटर लांब, तिरकी, आतलं दार एकीकडे आणि बाहेरचं दुसरीकडे. खोकला आला की स्नायू आवळतात आणि वाट दाबली जाते. तान्ह्या बाळाची वाट जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची असते आणि दोन्ही दारं जवळजवळ समोरासमोर असतात. पोट वाढतं तशी ती पुढे लांबते आणि तिरकी होते.

मोठेपणी होणाऱ्या हर्नियात बहुतेक वेळा स्नायूंची भिंत सैल झालेली असते, म्हणून तिला आधार द्यायला जाळी बसवतात. ही जाळी महाग पडते. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे सर्जन डॉ. टोणगावकर यांनी १९९०च्या दशकात साध्या मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून या कामासाठी वापरायला सुरुवात केली. पुढे अशा स्वस्त कापडावर इतर देशांतही अभ्यास झाले आणि ते चालतं असं दिसलं. पण बाळाला जाळी लागतच नाही. त्याची भिंत धडधाकट असते, फक्त बाही मिटायची राहिलेली असते. सर्जन जांघेच्या घडीत छोटा छेद घेऊन किंवा दुर्बिणीने ती बाही शुक्रवाहिनीपासून अलग करतात आणि वर बांधून टाकतात. ऐकायला सोपं आहे. बाळाची शुक्रवाहिनी दोऱ्याएवढी बारीक असते, म्हणून हे काम त्यात हात बसलेल्याकडूनच करून घ्यावं.

कुठे थांबायचं, कुठे नाही

बेंबी फुगते तेव्हा मोदकाचं टोक मिटायचं राहिलेलं असतं. ते छिद्र सगळीकडून हळूहळू आवळत जातं आणि बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत बंद होतं. आतडं तिथे अडकणं फार क्वचित घडतं. म्हणून डॉक्टर थांबायला सांगतात. नाणं बांधल्याने ते लवकर बंद होत नाही, उलट नाण्याखालची ओलसर कातडी सोलवटते आणि पिकते. वर्षभराने बेंबी आत गेली की श्रेय नाण्याला मिळतं, ती एरवीही गेलीच असती.

जांघेतला हर्निया मात्र एकदा दिसायला लागला की आपोआप बरा होईल असं धरून चालता येत नाही. अरुंद दारात आतड्याचा वेढा अडकतो, सुजतो, त्याचा रक्तपुरवठा तुटतो. मुलग्यात वृषणाचा रक्तपुरवठाही दाबला जाऊ शकतो. अडकण्याचा धोका सगळ्यांत जास्त असतो तो पहिल्या वर्षात, म्हणजे "अजून लहान आहे, थोडं मोठं होऊ दे" असं आपण म्हणतो नेमक्या त्याच काळात. हर्निया ठरला की ऑपरेशन फार लांबवू नये, असं सर्जन सांगतात ते यामुळे.

याला एक महत्त्वाचा अपवाद अलीकडे पुढे आला आहे. फार लवकर जन्मलेल्या बाळांना भुलीचा आणि श्वास थांबण्याचा धोका असतो. २०२४ मध्ये 'जामा' या नियतकालिकात आलेल्या मोठ्या चाचणीत अशा बाळांचं ऑपरेशन रुग्णालयातून घरी सोडण्याआधी करण्यापेक्षा ५५ आठवड्यांचं वय ओलांडल्यावर केलं, तर गंभीर गुंतागुंती कमी झाल्या. हे वय शेवटच्या पाळीपासून मोजलेलं, म्हणजे ठरलेल्या तारखेनंतर साधारण साडेतीन महिने. पण हे थांबणं डॉक्टरांच्या नजरेखालचं होतं, ग्रुपवरच्या सल्ल्याने नव्हे.

हायड्रोसील मात्र बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत मिटतं, तिथे थांबता येतं. मोबाइलचा टॉर्च लावून अंडकोश उजळला म्हणजे पाणीच आहे, असा एक व्हिडिओ फिरत असतो. मोठ्यांत हे बरंचसं चालतं. तान्ह्या बाळाचं आतडं इतकं पातळ असतं की त्यातूनही उजेड पार होतो. घरी यावर निदान करू नका.

फोनचा खरा उपयोग वेगळा आहे. बाळाला दवाखान्यात नेलं की फुगा हमखास लपतो. म्हणून तो दिसेल तेव्हा स्वच्छ उजेडात फोटो काढून ठेवा, कुठली बाजू ते कळेल असा. डॉक्टरांना दाखवा. ग्रुपवर टाकायची गरज नाही, ते बाळाचं उघडं अंग आहे.

आणि हे दिसलं तर फोटो काढत बसू नका, तडक रुग्णालय गाठा. बाळ शांत झालं तरी फुगा आत जात नाही, टणक लागतो, हात लावला की बाळ कळवळतं, वरची कातडी लाल होते, पोट फुगतं, हिरवट उलटी होते. रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट बघायची नाही. फुगा घरी जोर लावून आत ढकलायचा नाही, मालिशवालीलाही ढकलू द्यायचा नाही. वाटेत दूध पाजू नका, कारण ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं लागतं.

राहता राहिली न उतरलेली गोटी. पूर्ण दिवसांच्या सुमारे ३ टक्के मुलग्यांत आणि अपुऱ्या दिवसांच्या जवळजवळ ३० टक्के मुलग्यांत जन्माच्या वेळी एक किंवा दोन्ही गोट्या खाली नसतात. बऱ्याचशा पहिल्या काही महिन्यांत उतरतात. सहा महिन्यांनंतर मात्र उतरण्याची शक्यता फार थोडी उरते. बाळ लवकर जन्मलं असेल तर हे सहा महिने ठरलेल्या तारखेपासून मोजायचे. वर राहिलेल्या गोटीतल्या पेशी उष्णतेने खराब होत जातात, आणि पुढे कर्करोगाचा धोकाही वाढतो. म्हणून ती खाली आणून बसवण्याचं ऑपरेशन मूल दीड वर्षाचं व्हायच्या आत करावं, असं आता सांगितलं जातं. "लग्नाच्या वयापर्यंत बघू" म्हणणारे वडीलधारे भेटतात. तोपर्यंत उशीर झालेला असतो.

तपासायचं तर कोमट पाण्याच्या अंघोळीनंतर, बाळ उबेत आणि शांत असताना. थंड हात लागला की निरोगी गोट्याही वर पळतात आणि उगाच घाबरायला होतं. एकच गोटी हाताला लागत नसेल तर आधी सोनोग्राफी करून आणायची गरज नसते, बालशल्यचिकित्सकांचा हात जास्त सांगतो. नवजात बाळाच्या दोन्ही गोट्या हाताला लागत नसतील तर मात्र सहा महिने थांबायचं नाही. क्वचित अशा बाळांत संप्रेरकांचा असा दोष असतो की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अंगातलं मीठ भराभर कमी होऊन जीव धोक्यात येतो, त्यामुळे रक्ताची तपासणी प्रसूतीच्या रुग्णालयातून घरी येण्याआधीच करून घ्यायची.